वलांडीखालची चौथी

तेलरंग वाळत नाही, असं माझे यजमान म्हणत. पाणी उडून जातं तसं त्यातून काही उडून जात नाही. उलट तो हवेतलं काहीतरी घेतो आणि हळूहळू घट्ट होत जातो. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रंगद्रव्यांच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत ते नोकरीला होते, त्यामुळे असल्या गोष्टी ते घरात सहज बोलत. पातळ लावला तर काही दिवसांत हाताला लागेनासा होतो. पण ते पातळ लावत नसत. पिठलं कालथ्यानं उचलावं तसा ते सुरीच्या पात्यावर रंग घेत आणि कॅनव्हासवर थापत. बोटाच्या पेराएवढे उंचवटे होत. असा रंग वरून लवकर धरतो, दुधावर साय धरते तसा, आणि सायीखाली महिनोन्‌महिने ओला राहतो.

पावसाळा संपता संपता ते गेले, तेव्हा मागच्या खोलीतल्या लाकडी घोडीवर त्यांचं शेवटचं चित्र होतं. पूर्ण झालेलं, खाली उजव्या कोपऱ्यात सही केलेलं, आणि ओलं. सांगलीहून माणसं आली होती. बोईसरच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात झोपायला जागा पुरेना, म्हणून माझ्या नणंदेनं ती घोडी उचलून कोपऱ्यात नेली आणि चित्राचं तोंड भिंतीकडे केलं. लहान मुलांचे हात लागतील, हे तिचं कारण बरोबर होतं. तेराव्यापर्यंत घरात उदबत्ती आणि जवसाचं तेल असे दोन वास होते. सगळे गेल्यावर उदबत्तीचा गेला. मग मी चित्र पुन्हा खोलीकडे वळवलं.

आम्ही इकडे आलो तेव्हा आम्हाला इथलं काहीच माहीत नव्हतं. त्यांना कारखान्यात नोकरी लागली होती, मला पुढे पालघरच्या एका शाळेच्या ग्रंथालयात लागली. सुट्टीच्या दिवशी ते स्कूटरवर सामान बांधून निघत. सुरुवातीला मासवणकडे जात, भाताच्या आवणीच्या दिवसांत. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बाया, पाठीवर निळं प्लास्टिक, हिरवा पट्टा, राखाडी पट्टा. नंतर काही वर्षं पालघरजवळच्या माहीमच्या वाड्या. मग एकदा किनाऱ्यावरच्या मुरब्याला गेले आणि तिथलेच झाले.

मुरब्याला त्यांना पेंटर म्हणत. तिथे पेंटर म्हणजे होडी रंगवणारा आणि तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नाव काढणारा, त्यामुळे पहिल्याच महिन्यात दोन-तीन होड्यांची नावं त्यांना काढून द्यावी लागली. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. उलट त्यानंतर किनाऱ्यावर कुठेही घोडी मांडायची मुभा मिळाली. पुरुष माणसं मागे उभी राहून बघत आणि रंगाची नासाडी बघून हळहळत.

"पेंटर, एका बाईला तू जेवढा रंग लावलास ना, तेवढ्यात माजी आख्खी होडी रंगून आली असती," एक जण म्हणाला होता.

"तुझ्या होडीला एवढा लावला तर ती बुडेल," हे म्हणाले.

बायांची तक्रार वेगळी होती. त्यांच्या चित्रातल्या माणसांना चेहरे नसत. चेहऱ्याच्या जागी सुरीचा एक फटकारा असे, तपकिरी किंवा गेरूचा, उन्हाची बाजू थोडी पिवळी. त्यावर डोळे नाहीत, नाक नाही. वाकणं, उचलणं, पदर खोचणं, डोक्यावरची पाटी सावरताना मानेला येणारा ताठा, एवढंच ते घेत.

"आमची तोंडं कुठं गेली, पेंटर?"

"तोंडं तुमच्यापाशीच आहेत की."

"बरं झालं. पावडर वाचली."

मी कधीकधी बरोबर जाई. मी सुरूच्या सावलीत चटई टाकून वाचत बसे. एकदा, लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर, मी त्यांना म्हटलं होतं की इतक्या बाया काढता, एकदा मलाही काढा. ते चेष्टेत म्हणाले नाहीत, विचार करून म्हणाले, "तू स्थिर बसतेस. मला हात चालू असलेली माणसं जमतात." मला ते पटलं. वाचणाऱ्या माणसाचं काय काढणार? पान उलटण्याला सुरी लागत नाही. त्यानंतर तो विषय आमच्यात निघाला नाही.

आता त्या शेवटच्या चित्राबद्दल.

त्यात मुरब्याची वाळवणाची जागा आहे. बांबू रोवून त्यांना आडव्या दोऱ्या ताणतात आणि बोंबलांच्या जोड्या एकमेकांच्या जबड्यात अडकवून त्यावर टांगतात. त्या मांडणीला वलांडी म्हणतात. चित्रात दोन वलांड्या तिरप्या मागे गेल्या आहेत, आणि त्यांवरचे बोंबील म्हणजे पांढऱ्या-गुलाबी रंगाचे जाड, लोंबते फटकारे आहेत, इतके जाड की त्यांची खरी सावली खालच्या रंगावर पडते. पुढे तीन बाया काम करताहेत. एक टोपलीत वाकलेली, एक हात वर करून जोडी अडकवणारी, तिसरी दोरी ताणणारी. आणि मागे, दुसऱ्या वलांडीच्या टोकाशी, चौथी. ती काही करत नाही. ती नुसती उभी आहे. वांगी रंगाचा उभा, किंचित कललेला फटकारा आणि त्याच्या कडेला पिवळ्याची बारीक रेघ.

वांगी रंगाची, पिवळ्या काठाची सुती साडी माझ्याकडे होती.

चित्र भिंतीकडून वळवलं त्या दिवशी मला हे दिसलं. त्याआधी पावसाळ्यात हे ते चित्र घरी पुरं करत असताना मी खोलीत जा-ये करत होते, पण लक्ष देऊन पाहिलं नव्हतं. चित्रातली एकटीच स्थिर असलेली बाई. मला कुणी सांगण्याची गरज वाटली नाही. मी रडले नाही, तसं माझं पटकन होत नाही. स्वयंपाकघरात जाऊन भात लावला. पण त्या दिवसापासून ते चित्र माझ्यासाठी इतर चित्रांसारखं राहिलं नाही. बाकीची मी देऊन टाकली, काही सांगलीला, काही त्यांच्या कारखान्यातल्या मित्रांना. हे एक ठेवायचं होतं.

दिवाळीनंतर ती आली. ती म्हणजे चित्रातली दुसरी, हात वर केलेली. मुरब्याची, बोईसरच्या बाजारात मासळी घेऊन बसणारी. मी तिला मावशी म्हणे, सगळेच म्हणतात, आणि ती दर वेळी म्हणे, "मावशी कोनाला बोलतेस? वयात तू मोठी." बाजार आटोपून, रिकामी पाटी दाराबाहेर ठेवून ती आत आली, खाली बसली. थोडा वेळ त्यांच्याबद्दल बोलली. मग म्हणाली,

"वयनी, पेंटर बोललेला, सुकलं का तुज्या घरी आनून देतो. ते आमचं चित्र. सुकलं का?"

हे मला माहीत नव्हतं. पण ती खोटं बोलत असेल असं मनात आलं नाही. हे असं कबूल करणारे होतेच, आणि सुकल्यावर ही अटही त्यांचीच.

"अजून ओलं आहे," मी म्हटलं. ते खरं होतं.

"मंग सुकू दे," ती म्हणाली. "घाई काय नाय."

त्यानंतर ती अधूनमधून येऊ लागली. बाजारात माझी गाठ पडली की सुरमईचा तुकडा तोलता तोलता विचारी, सुकलं का. मी म्हणे, नाही अजून. ती मान हलवी. सुकवणं हा तिच्या घरचा धंदा, त्यामुळे एखाद्या गोष्टीला वेळ लागतो हे तिला समजावून सांगावं लागत नव्हतं. मात्र इतका वेळ कशाला लागतो, हे तिला कळत नव्हतं.

"उन्हात ठेवतेस का?"

"उन्हात ठेवायचं नसतं."

"उन्हात नाय, मंग सुकनार कसं?"

"हवेनं."

"घरातल्या?" तिनं शेजारच्या बाईकडे बघितलं. "ऐक. घरातल्या हवेनं सुकवते ही."

शेजारची म्हणाली, "पंखा लाव म्हनावं."

मला हे चालत होतं. चित्र खरोखर ओलं होतं, मला काही सांगावं लागत नव्हतं, आणि पांढरा रंग इतका जाड होता की वर्षभर तरी मला सांगावं लागणार नव्हतं. रोज सकाळी चहाचा कप घेऊन मी त्या खोलीत जाई आणि दुसऱ्या वलांडीच्या टोकाकडे बघे. मग वाचायला बसे.

थंडी सरत आली होती तेव्हा ती एकदा दुपारी आली आणि म्हणाली, "बघू तरी दे." नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. मी तिला मागच्या खोलीत नेलं. तिनं चित्र जवळून पाहिलं, मग मागे सरून पाहिलं, मग एकेक ओळखू लागली. टोपलीत वाकलेली तिची जाऊ. "हिचं ढुंगन बघ, कुठंबी ओळखंल." हात वर केलेली ती स्वतः. दोरी ताणणारी तिची सून, जी डावखुरी आहे, आणि चित्रातही डाव्या हातानं ताणते आहे. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मग ती पुन्हा जवळ गेली. "वरून तर खडखडीत हाय," म्हणाली आणि मी काही बोलायच्या आत तिनं अंगठा टेकवून दाबला.

ही तिची रोजची सवय आहे. बोंबील सुकला की नाही हे ती डोळ्यांनी ठरवत नाही. जिथे तो सगळ्यांत जाड असतो तिथे अंगठ्यानं दाबते. वरून वाळलेला आणि आत कच्चा असला तर अंगठ्याला कळतं. तसंच तिनं केलं. एक जाड जागा शोधली आणि दाबलं. साय फाटली. आतला रंग वर आला, वरच्यापेक्षा गडद, चकचकीत. तिनं अंगठा काढून बघितला, नाकाशी नेला.

"आत कच्चाच हाय."

"तेच तर मी सांगत होते."

"असा माल आमी बांधत नाय. अळी पडते."

"यात अळी पडत नाही."

"मंग काय पडतं?"

"काही नाही. वेळ लागतो."

तिनं अंगठा पाटीखालच्या चुंबळीला पुसला. मग चित्राकडे वाकून, आपण कुठे दाबलं ते बघत म्हणाली, "नशीब, बुजगावन्यातच बोट गेलं. मला नाय तं सुनंला भोक पडलं असतं."

मी म्हटलं, "कसलं बुजगावणं?"

"हे काय. मागं हाय ते. कावल्यांना लावलेलं."

तिनं दाबलं होतं ती जागा मी वाकून पाहिली.

"मला वाटत होतं, ती मी आहे," मी म्हटलं.

ती हसली, आणि हसू तिनं आवरलंही नाही. "तू? तू कुठं उभी असतेस? तू सावलीत बसून पुस्तक वाचतेस." मग तिला काहीतरी आठवलं. "साडी तुजीच हाय पन. आमच्या बुजगावन्याची फाटून चिंध्या झालेल्या. पेंटरकडं ही होती, रंग पुसायला घरून आनलेली. बोलला, घ्या, नवीन नेसवा. कावले बसायचे तिच्यावर. काय घाबरत नाय आता ते."

साडी मीच फडक्यांत टाकली होती. खांद्याशी विरली होती. ती कुठे गेली याचा मी नंतर विचार केला नव्हता, फडक्यांचा कुणी करत नाही.

मी चहा केला. ती चहा पिऊन गेली. जाताना म्हणाली, "नीट सुकू दे. कच्चा नको मला."

संध्याकाळी मी चित्रासमोर खुर्ची घेऊन बसले. वांगी फटकाऱ्यात मधोमध अंगठ्याचा खळगा होता, त्याच्या तळाशी बारीक रेषासुद्धा उमटल्या होत्या. सुरीनं तो लिंपून टाकता आला असता, रंगाच्या नळ्या तिथेच होत्या. मी हात लावला नाही. मला इतकंच समजून घ्यायचं होतं की आता मला काय दिसतं आहे. काठीला गुंडाळलेली साडी दिसायला हवी होती. तशी दिसली. मग थोड्या वेळानं पुन्हा बाई दिसली. मग साडी. दोन्हीला रंग तेवढाच लागला होता.

हे माझी साडी समोर ठेवून कित्येक रविवार तिथे उभे होते. ती माझी आहे हे त्यांना माहीत होतं, कारण त्यांनीच नेली होती. चित्रात ती घेताना त्यांच्या मनात मी होते, की वाळूच्या पिवळ्यावर वांगी रंग बरा दिसतो एवढंच होतं? हा प्रश्न फार मोठा नाही. ते असते तर स्वयंपाकघरातून हाक मारून विचारता आला असता आणि त्यांनी तिकडून उत्तर दिलं असतं. बहुधा दुसरंच उत्तर. रंगाच्या बाबतीत ते खोटं बोलत नसत. पण ते नाहीत म्हणून हा प्रश्न उगाच मोठा होऊन बसला होता, आणि मी उत्तर एकदा मनाशी ठरवून टाकलं होतं.

उन्हाळा गेला, पाऊस गेला. पावसाळ्यात चित्राला दमट वास येऊ लागला, म्हणून मी ते खिडकीपासून लांब केलं. वर्षश्राद्धाला सांगलीची माणसं पुन्हा आली. नणंद म्हणाली, हे अजून इथेच, दुसऱ्या खोलीत लावून टाक ना, त्याचं शेवटचं आहे. मी म्हटलं, ते कबूल केलेलं आहे. म्हणून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी ते ठरवलं आहे. तिनं विचारलं, कुणाला. मी सांगितलं. ती म्हणाली, "कोळणीला? ती काय करणार त्याचं?" मी म्हटलं, त्यात ती आहे.

पुढच्या दिवाळीनंतर एके दिवशी मी स्वतः अंगठ्यानं दाबून पाहिलं. पांढऱ्यावर, सगळ्यांत जाड जागी. काही झालं नाही. आत अगदी तळाशी ओल असेलही, पण अंगठ्याला कळण्यासारखी नव्हती. मी चित्र जुन्या चादरीत गुंडाळलं, रिक्षा केली आणि मुरब्याला गेले.

त्यांचं घर वाळवणाच्या जागेपासून आत, पक्कं, टाइल्स लावलेलं आहे. मी गेले तेव्हा ती, तिची जाऊ आणि सासू अशा तिघीच होत्या. सून कामावर होती. चादर सोडल्यावर जावेनं आधी स्वतःला शोधलं.

"ही मी? एवढी जाडी?"

"रंग जाड हाय," ती म्हणाली. "तू हायेस तेवढीच हायेस."

"आनि हिला बघ, हात वर करून उभी. जसं काय हीच सगलं काम करते."

चित्र कुठे टांगायचं यावरून थोडं झालं. टीव्हीच्या वर जावेला नको होतं, कारण मग लोक टीव्ही बघताना तिचं ढुंगण बघणार. फ्रिजच्या बाजूच्या भिंतीवर खिळा होता. मी सांगितलं, खिडकीसमोर नको, खारी हवा लागेल. ती म्हणाली, "आता परत हवा नको? वरीसभर हवेनंच सुकवलं ना?" शेवटी फ्रिजच्या बाजूलाच टांगलं. टांगताना ती मला विचारत नव्हती, तिनं ते नीट कडांना धरून उचललं आणि अडकवलं.

सासू खूप म्हातारी आहे. तिला भिंतीपाशी नेऊन उभी केली. तिनं डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं आणि मागच्या वलांडीकडे बोट केलं.

"ही चौथी कोन?"

"ती कोन नाय, आये. बुजगावना हाय. पेंटरनं साडी दिलेली, ती."

"बुजगावना कसा? बाय हाय ती."

"अगो, मी नेसवलंय त्याला. मला ठावं नाय?"

"बुजगावन्याला कंबर असते काय? कंबर बघ तिची. एका पायावर भार टाकून उभी हाय."

"वारा होता," मावशी म्हणाली. "वाऱ्यानं कललंय."

"वाऱ्यानं साडी कलते. कंबर कशी कलंल?"

जाऊही पुढे येऊन बघू लागली. तिनं मान एका बाजूला केली, मग दुसऱ्या. "काठी वाकडीच होती ती," ती म्हणाली. "पन म्हातारी बोलते ते बी बरोबर वाटतंय."

"तुला काय बी बरोबर वाटतं."

"वयनीला विचार ना मंग. तिच्या नवऱ्यानं काढलंय."

तिघींनी माझ्याकडे पाहिलं. ती, जिनं मागच्या खोलीत मला हसून उत्तर दिलं होतं, तीही बघत होती. मला वाटतं, बाईच आहे असं मी म्हटलं असतं तर तिनं तेव्हा काही म्हटलं नसतं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

"वरीसभर घरात ठेवलंस आनि म्हायती नाय?" सासू म्हणाली.

"नाही."

म्हातारीला ते आवडलं नाही. ती पुन्हा भिंतीकडे वळली आणि मावशीला हाताला धरून जवळ ओढू लागली. रिक्षावाला बाहेर थांबला होता, त्यानं हॉर्न दिला. मी चादर घडी करून पिशवीत घातली आणि येते म्हटलं. कुणी ऐकलं की नाही, कोण जाणे. मी रिक्षात बसेपर्यंत आतून म्हातारीचा आवाज येत होता, "कंबर बघ. आधी कंबर बघ, मंग बोल."